पसंतीची पावती

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली, की मिठागरे मागे पडतात, डोंगरी येते, आणि मग समुद्राचा वारा वाळत्या बोंबलांची वर्दी घेऊन येतो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील लटकत असतात, खाली डोलजाळी पसरलेली असतात, आणि एखाद्या ठिकाणी वाळूत टेकू देऊन उभी केलेली होडी दुरुस्तीला आलेली दिसते. जवळच चौक गावाला धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, हे ठिकाण मिळवण्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झगडले. इतिहासाच्या माणसाला येथे यायला तेवढे निमित्त पुरे असते. पण आज मी तुम्हांला किल्ल्याविषयी सांगणार नाही. मला सांगायचे आहे ते त्या टेकू दिलेल्या होडीविषयी.

होडी बांधून घेणारा नाखवा ती ताब्यात कशी घेतो, हे कधी पाहिले आहे का तुम्ही? रंग किती छान लागला आहे, याकडे तो पाहत नाही. तो वाकतो, फळीला फळी जिथे मिळते त्या सांध्यावरून बोट फिरवतो, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या लाकडी बांधणीत एक मोठी शहाणपणाची रीत होती. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून झाला की होडी समुद्रात ढकलण्याच्या आधी तिच्यातच पाणी ओतायचे आणि बाहेरून कुठे पाझर फुटतो ते पाहायचे. पाणी आत शिरेल की नाही हे ठरवायला पाणी बाहेर येते का ते बघायचे. समुद्रात गेल्यावर जी चूक जीव घेईल, ती किनाऱ्यावर उभ्या उभ्या दिसते आणि तिथेच बुजवता येते. यापेक्षा सोपी आणि स्वस्त परीक्षा कुठली असेल?

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापकमहाशय, हे सगळं ठीक, पण याचा आमच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला एक वेगळीच होडी बांधून घेण्याचे काम येते. पतपेढी हिशेबासाठी सॉफ्टवेअर करून घेते, मच्छीमारांची सोसायटी सभासदांच्या नोंदीसाठी करून घेते, नगरपालिका कराच्या पावत्यांसाठी, तर महाविद्यालय प्रवेशासाठी. बांधणारी कंपनी एके दिवशी येते, पडद्यावर चार चित्रे दाखवते, चहा होतो, आणि एका कागदावर सही मागितली जाते : 'काम पसंत आहे.' ही सही म्हणजेच पसंतीची पावती. ती दिली की पैसे जातात आणि जबाबदारीही फिरते. ही पावती केव्हा द्यावी, कुणी द्यावी, आणि कशाच्या आधारावर द्यावी, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. तो जुना आहे. आपल्याच मुलखात त्याची तीन चांगली उदाहरणे सापडतात. ती क्रमाने पाहू.

पहिले उदाहरण रायगडाचे. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तो या गडावर. गडाच्या बांधकामाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते हिरोजी इंदुलकर. त्यांच्या नावाचा शिलालेख जगदीश्वराच्या मंदिरापाशी आजही वाचता येतो. या गडाविषयी एक हकीगत परंपरेने सांगितली जाते. तिला दप्तरी कागदाचा आधार मागू नका, पण तिच्यातला विचार पाहा. गडाचे काम पुरे झाल्यावर महाराजांनी सभा भरवली आणि जाहीर केले, की जो कोणी दरवाजाचा रस्ता सोडून, दोर किंवा शिडी न वापरता गड चढून येईल त्याला शंभर होनांची थैली आणि सोन्याचे कडे मिळेल. महार समाजातील एक माणूस पुढे झाला, कडा चढून वर आला, निशाण रोवले आणि महाराजांना मुजरा केला. महाराजांनी त्याला ठरलेले बक्षीस दिले, आणि ज्या वाटेने तो आला ती वाट बंद करून टाकली. हिरकणीची कथा तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. तिथेही एका गवळणीने उतरून दाखवलेल्या कड्यावर मागाहून बुरूज बांधला गेला असे सांगतात.

या हकीगतीत ग्राहक कोण? महाराज. बांधणारा कोण? गडाचे कारागीर. आणि परीक्षा कुणी घेतली? दोघांपैकी कुणीच नाही! ती एका तिसऱ्या माणसाने घेतली, ज्याला गड पडावा की उभा राहावा यात काही गुंतलेले नव्हते, फक्त बक्षिसाची आशा होती. बांधणाऱ्याला आपल्या कामातली वाट दिसत नाही, कारण तो जिथे दरवाजा ठेवला तिथूनच येत-जात असतो. मालकालाही दिसत नाही, कारण त्याला दरवाजातूनच मानाने आत नेतात. ती दिसते कड्याखाली वावरणाऱ्याला. आणखी एक गोष्ट पाहा. दोष दाखवणाऱ्याला शिक्षा झाली नाही, बक्षीस मिळाले. हे फार महत्त्वाचे आहे बरं का. ज्या कचेरीत चूक दाखवणाऱ्या कारकुनाकडे वरिष्ठ डोळे वटारून पाहतात, त्या कचेरीत चुका कमी नसतात, फक्त सांगितल्या जात नाहीत. आजचे संगणकतज्ज्ञ मुद्दाम परकी माणसे नेमून आपल्याच यंत्रणेत चोरवाटेने शिरायला लावतात आणि त्यासाठी त्यांना मोबदला देतात. रायगडाची हकीगत त्यांना नवी वाटू नये.

दुसरे उदाहरण समुद्रावरचे, आणि उत्तनच्या नावाशी लागून असलेले. ठाण्याची खाडी आणि वसईची खाडी यांच्या मधल्या मोठ्या बेटाला आपण साष्टी म्हणतो. उत्तन त्याच्या वायव्य टोकाला येते. इंग्रजांनी साष्टीचे 'साल्सेट' केले. मुंबईच्या गोदीत १८०५ साली बांधलेल्या एका लढाऊ जहाजाला पुढे हेच नाव मिळाले : 'साल्सेट'.

मुंबईची गोदी म्हणजे वाडिया घराण्याची कर्तबगारी. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. त्यांच्या घराण्यातल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली १८१० साली 'मिंडेन', १८१३ साली 'कॉर्नवॉलिस', आणि १८१७ साली 'त्रिंकोमाली' ही जहाजे पाण्यात उतरली. ती सागवानाची होती. इंग्लंडचे आरमारखाते मात्र ओक लाकडावर वाढलेले. परदेशी गोदीत, परदेशी लाकडाचे, परदेशी माणसाने बांधलेले लढाऊ जहाज घ्यावे की नाही, हा तेथे साधा प्रश्न नव्हता. कागदावर मापे जुळली म्हणजे शंका फिटते असे नाही.

ती फेडायला समुद्रच पुढे आला. १८०८–०९ च्या हिवाळ्यात 'साल्सेट' बाल्टिक समुद्रात व्यापारी जहाजांच्या तांड्याबरोबर होते. थंडी विलक्षण पडली आणि समुद्र गोठू लागला. त्या प्रवासात ब्रिटिश आरमाराची इतर जहाजे फुटली, बर्फात नाहीशी झाली. 'साल्सेट' मात्र बर्फाचा दाब सोसून बाहेर पडले. मुंबईच्या सागवानी बांधणीची पत या प्रसंगाने वाढली असे सांगतात. हेच जहाज १८१० साली कवी बायरनला स्मर्न्याहून इस्तंबूलकडे घेऊन गेले, आणि ते दार्दानेल्सपाशी नांगरलेले असताना बायरनने याच जहाजावरच्या एका अधिकाऱ्याच्या सोबतीने ती सामुद्रधुनी पोहून पार केली. असो. मुंबईच्या सागवानाला बाल्टिकचे बर्फ माहीत नव्हते, बर्फालाही सागवान माहीत नव्हते. म्हणून ती खरी परीक्षा ठरली.

पण थांबा. या गोष्टीवरून कुणी असा निष्कर्ष काढील, की वस्तू वापरात घालावी आणि काळच तिची परीक्षा घेईल. हा निष्कर्ष घातक आहे. 'साल्सेट' वाचले म्हणून आपण त्याची कथा सांगतो. ते फुटले असते तर त्याच्यावरच्या खलाशांनी पसंती-नापसंतीची पावती कुठे जाऊन दिली असती? निसर्गाने घेतलेली परीक्षा खरी असते, पण तिची फी फार जबर असते. जी अवस्था पुढे येण्याचा संभव आहे ती किनाऱ्यावरच मुद्दाम निर्माण करून पाहणे, यालाच पारख करणे म्हणतात. होडीत पाणी ओतणारा नाखवा तेच करतो. तो समुद्राची वाट पाहत नाही. समुद्र थोडासा घागरीतून आणतो.

तिसरे उदाहरण मात्र दुःखाचे आहे, आणि माझ्या मते सर्वांत अधिक शिकवणारे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी धावली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, तीन इंजिने, एकवीस तोफांची सलामी. हा समारंभ सर्वांना ठाऊक असतो. त्याआधी, १८ नोव्हेंबर १८५२ रोजी, याच मार्गावर एक गाडी चाचणी म्हणून नेण्यात आली होती, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. चाचणी आधी, समारंभ नंतर : क्रम बरोबर होता.

पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे घाटाला भिडली. बोरघाटाचे काम अवघड होते. सुमारे सोळा मैलांच्या चढणीत अठराशे फुटांहून अधिक उंची गाठायची, पंचवीस बोगदे पाडायचे, दऱ्यांवर पूल बांधायचे. पहिल्या कंत्राटदाराने १८५९ साली काम सोडले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचे दुसरे कंत्राटदार आले, ते थोड्याच आठवड्यांत आजाराने वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्याकडे ठेवले आणि इंजिनियरांच्या मदतीने काम पुढे नेले. हजारो मजूर पटकीने आणि तापाने मेले. १८६३ साली घाटाचा मार्ग खुला झाला, मुंबईच्या गव्हर्नरांच्या हस्ते उद्घाटन झाले, भाषणे झाली.

आणि चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. इंग्रजी कागदांत त्याला महू-की-मल्लीचा पूल म्हटले आहे. मग या रेल्वेच्या इतर दगडी बांधकामांची तपासणी सुरू झाली, आणि निकृष्ट गवंडीकाम ठिकठिकाणी आढळून आले. बाहेरून पाहावे तर दर्शनी दगड नीट घडवलेले ; आत मात्र भर कच्ची आणि चुना हलक्या प्रतीचा. कितीतरी बांधकामे नव्याने करावी लागली.

वाचकहो, या पुलांना पसंती मिळालेली नव्हती असे नाही. पसंती मिळाली होती, पैसे चुकते झाले होते, वरून गाड्या जात होत्या. मग चुकले कुठे? मला दोन कारणे दिसतात.

एक असे, की दगडी खांब बांधून पुरा झाला म्हणजे त्याचे पोट कुणाला दिसत नाही. शेवटच्या दिवशी साहेब घोड्यावरून आला आणि त्याने खांब पाहिला, तर त्याला दिसणार काय? चेहरा! पोट पाहायचे तर ते थर चढत असताना पाहिले पाहिजे, वरचा दगड बसण्याआधी पाहिले पाहिजे. म्हणजे परीक्षा शेवटी एकदाच घ्यायची नसून प्रत्येक थराला घ्यायची असते, आणि ती कोणत्या थराला घ्यायची हे पहिला दगड बसवण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

दुसरे कारण पैशाचे. १८४९ च्या करारापासून या रेल्वे कंपनीला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. रेल्वेला तोटा झाला तरी भागधारकांना पाच टक्के मिळायचेच, आणि ते भरायचे कुणी? हिंदुस्थानच्या तिजोरीने, म्हणजे इथल्या रयतेने. पूल कच्चा निघाला तर ज्याचे नुकसान व्हायचे तो रयत पसंतीच्या पावतीजवळ कुठेच नव्हता. आणि पावतीवर सही करणाऱ्याचे फारसे बिघडणार नव्हते. नाखव्याची परीक्षा चोख का असते? कारण उद्या तो स्वतः त्या होडीत बसणार असतो, आणि बहुधा त्याचा मुलगाही. ज्याने होडीत बसायचे नाही त्याच्या बोटाला फट जाणवत नाही.

या अनुभवातून आपल्या देशाने काही धडा घेतला, हेही सांगितले पाहिजे. १८९० च्या रेल्वे कायद्यात निरीक्षकांची तरतूद झाली. पुढे हे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली असणे बरे नाही, असे मत पडून १९४१ साली त्यांचे खाते वेगळे काढले गेले. आज त्याला रेल्वे सुरक्षा आयोग म्हणतात, आणि तो रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. आगगाडीची तपासणी विमानखात्याने करावी, हे ऐकून गंमत वाटते. पण त्यात मोठा अर्थ आहे. जो बांधतो त्याच्याच पगारी माणसाने पसंती देऊ नये, हा तो अर्थ. नव्या मार्गावर प्रवासी गाडी सोडण्यापूर्वी या आयोगाच्या आयुक्ताची परवानगी लागते.

आता आपल्या काळाकडे येऊ. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली पूर्ण झाला. त्या वेळी संगणक बांधणारे आणि वापरणारे बहुतेक एकाच आवारातले, एकाच उपाहारगृहात चहा घेणारे. चूक निघाली तर दुपारी सांगितली जायची. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली, आणि सॉफ्टवेअर ही दुसऱ्यासाठी बांधून द्यायची, विकायची वस्तू झाली. बांधणारा एकीकडे, विकत घेणारा दुसरीकडे, आणि वापरणारा तिसरीकडे, असे अंतर पडत गेले. बोरघाटात जे अंतर पडले होते तेच हे.

या अंतराची किंमत मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१७ साली मोजली. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत विद्यापीठाने एकदम सर्व शाखांना लागू केली. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. एखाद्या लहान शाखेवर प्रयोग करून, चुका काढून, मग पुढे जावे असे घडले नाही. निकाल रखडले. राज्यपालांनी, म्हणजे कुलपतींनी, ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. काही उत्तरपत्रिका सापडेनात, काहींची सरमिसळ झाली. पुढील शिक्षणाच्या प्रवेशासाठी ज्यांना गुणपत्रिका हवी होती ती मुले दारोदार फिरली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण त्यामुळे ज्याचे वर्ष गेले त्याचे वर्ष परत आले नाही. पडद्यावर तपासणी करणे ही कल्पना वाईट होती असे मी म्हणत नाही. होडी चांगली असेलही. पण तिच्यात आधी पाणी ओतून पाहिले नव्हते, आणि पहिल्याच फेरीला सगळे गाव तिच्यात बसवले.

मग करायचे काय? माझ्यासारखा इतिहासाचा मनुष्य संगणकाचे तंत्र सांगू शकत नाही. पण या तीन उदाहरणांतून पसंतीची योजना कशी असावी, हे मात्र सांगता येते. योजना हा शब्द मी जाणून वापरतो. पसंती ही शेवटच्या दिवसाची लहर नसावी, पहिल्या दिवसाचा करार असावा.

सर्वप्रथम, काय काय हवाली व्हायचे आहे त्याची यादी करावी. सॉफ्टवेअर म्हणजे केवळ पडद्यावरची चित्रे नव्हेत. जुन्या नोंदी नव्यात आणून देणे, वापराची पुस्तिका, कारकुनांचे शिक्षण, बिघडल्यावर पूर्ववत कसे करावे त्याची रीत, ही सगळी हवाली करायची कामे आहेत. यादीत जे नाही ते मागाहून भांडणात येते.

दुसरे, प्रत्येक वस्तूची कसोटी मोजता येईल अशी लिहावी. 'काम जलद चालावे' ही कसोटी नव्हे, ही इच्छा झाली. 'महिनाअखेरीस वीस कारकून एकाच वेळी कामाला बसले असता पावती पाच सेकंदांत निघावी' ही कसोटी. पहिल्या वाक्यावर दोन माणसे जन्मभर भांडतील, दुसऱ्यावर घड्याळ निकाल देईल. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले. तुमच्या कचेरीचे आकडे तुम्हीच ठरवायचे.

तिसरे, परीक्षा कुणी घ्यायची ते नावानिशी ठरवावे. मोठ्या साहेबाने किंवा सोसायटीच्या अध्यक्षाने नव्हे. जो रोज त्या खिडकीवर बसणार आहे त्याने. आणि त्याच्या जोडीला रायगडच्या हकीगतीतला तो मनुष्य असावा : दरवाजा सोडून कड्यावरून येणारा, उलटसुलट तारखा भरणारा, मधेच वीज बंद करून पाहणारा.

चौथे, परीक्षेची सामग्री खरी असावी. कंपनीची माणसे दाखवण्यासाठी स्वच्छ, सोपी नावे घेऊन येतात. उत्तनच्या एखाद्या सोसायटीची यादी डोळ्यांपुढे आणा. पाळीव पोर्तुगीज वळणाची आडनावे, एकाच नावाचे पाच-सहा सभासद, त्यांना ओळखण्यासाठी घातलेली घरची नावे, होडीचा नंबर, कुणी वारल्यावर वारसाचे लागलेले नाव. डिमेलो आणि डि'मेलो हे एकच की दोन? जोडाक्षर नीट छापले जाते का? ही यादी जशीच्या तशी घालून पाहिल्याशिवाय पसंती देणे म्हणजे तलावात चालवलेली होडी समुद्रासाठी घेणे.

पाचवे, चुकांची प्रतवारी आधीच लावावी. पैशाचा हिशेब चुकणे वेगळे आणि बटणाचा रंग न आवडणे वेगळे. कोणत्या चुकीला काम परत पाठवायचे आणि कोणती चूक टिपून ठेवून काम स्वीकारायचे, हे ठरलेले असले म्हणजे दोन्ही पक्षांचे डोके शांत राहते. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा तपासायला किती दिवस, हेही लिहावे. नाहीतर करारात कुठेतरी बारीक अक्षरांत असते, की पंधरा दिवसांत हरकत न आल्यास काम पसंत आहे असे धरले जाईल. आपण गणपतीच्या सुटीवर असतो, आणि मौनाची पावती फाडली जाते.

सहावे, थराथराने तपासावे. आज पुष्कळ संगणकतज्ज्ञ दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून काम करतात आणि प्रत्येक तुकडा ग्राहकाला दाखवतात. ही रीत उत्तम आहे, पण ग्राहकाने खरोखर बसून पाहिले तरच. नाहीतर त्याही सभेत चहाच होतो, आणि खांबाचे पोट झाकले जाते.

शेवटचे, पैशाचे हप्ते कसोट्यांना बांधावे, तारखांना नव्हे. आणि सही कोण करणार हे ठरवताना एक प्रश्न विचारावा : हे बिघडले तर या माणसाला त्रास होणार आहे का?

येथे बांधणाऱ्याचीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. कित्येक ग्राहक काम पुरे होत आले की म्हणतात, 'हे असे नको, तसे हवे होते.' मागणी दर आठवड्याला बदलते, पैसे अडतात, आणि चांगला कारागीर रडकुंडीला येतो. लेखी कसोटी ही ग्राहकाच्या हातातली काठी आहे तशीच ती कारागिराच्या हातातली ढालही आहे. ठरलेल्या कसोटीला काम उतरले, की ग्राहकाला नाही म्हणता येत नाही. रायगडावर बक्षीस ठरल्याप्रमाणे दिले गेले, हे विसरू नये. पसंतीची योजना म्हणजे अविश्वासाचा कागद, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. आधी बोलून ठेवलेल्या गोष्टींमुळेच पुढची मैत्री टिकते. आपल्याकडे लग्नाची याद लिहिताना वडीलधारी माणसे हेच तर सांगतात.

परवा उत्तनहून परतताना मी पुन्हा त्या होडीपाशी थांबलो. मिस्त्री एका सांध्यात कापूस ठासत होता आणि नाखवा शेजारी उकिडवा बसून पाहत होता. दोघेही फारसे बोलत नव्हते. मी विचारले, 'काका, मिस्त्रीवर विश्वास नाही का?' नाखवा हसला. म्हणाला, विश्वास आहे म्हणून तर त्याला काम दिलं. पण होडीत मी बसणार आहे, तो नाही. मिस्त्रीने मान वर केली नाही, पण तोही हसला. त्याने तो सांधा पुन्हा एकदा ठोकून घेतला, आणि मग दोघे मिळून पुढच्या फळीकडे सरकले.